हिरव्या दाण्याचे दिवस

मार्गशीर्ष लागला की महाराष्ट्राच्या शिवारात दोन हंगाम एकाच वेळी नांदत असतात. खरिपाची बाजरी, तीळ, भुईमूग घरात येऊन पडलेले असतात आणि बाहेर रब्बीची ज्वारी, हरभरा, वाल, गहू हिरवेगार उभे असतात. मग थोडे दिवस असे येतात की या उभ्या पिकांचा दाणा भरलेला असतो, पण वाळलेला नसतो. भाजी म्हणावी तर तो धान्याइतका पोटभरीचा आणि धान्य म्हणावं तर कणगीत भरता येत नाही इतका ओला. ज्वारीचा हुरडा, हरभऱ्याचे सोलाणे, वालाचे कोवळे दाणे, तुरीचे सोले, गव्हाच्या ओंब्या ही सगळी या मधल्या दिवसांची देणगी.

हे दिवस मोजके असतात आणि त्या दिवसांतलं खाणं कधीच एकट्यादुकट्याचं नसतं. हुरडा खायला माणसं शेतावर जमतात, वालाच्या शेंगांचं मडकं आळीतले सगळे मिळून लावतात, भोगीची भाजी शेजारच्या घरी गेल्याशिवाय संपत नाही. आपण याला आपला स्वभाव समजतो, परंपरा समजतो आणि ते बरोबरही आहे. पण या परंपरेला एक पक्कं कारण आहे आणि ते दाण्याच्या आतच आहे. थंडीतलं वाटून खाणं आपल्याला हिरव्या दाण्यानं लावून दिलं आहे, असं मला वाटतं. हे प्रकरण त्याबद्दल आहे.

दाणा गोड कधी असतो

कणीस फुलोऱ्यातून बाहेर पडलं की पानांत तयार झालेली साखर दाण्याकडे वाहू लागते. सुरुवातीला दाणा निव्वळ चिकाचा असतो. नखानं दाबला की पांढरा, दुधासारखा थेंब बाहेर येतो. पुढच्या दिवसांत दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, या साखरेपासून पिष्ट बनवत जातात. पिष्ट वाढतं तसा चीक घट्ट होतो, पाणी कमी होत जातं आणि शेवटी दाणा टणक होतो. या प्रवासातला एकच टप्पा आपल्या कामाचा. तेव्हा दाबल्यावर चीक उडत नाही, दाणा बोटाखाली मऊपणे दबतो, पोट भरेल इतकं पिष्ट त्यात आलेलं असतं आणि जिभेला गोडी लागेल इतकी साखर अजून उरलेली असते. अनुभवी शेतकरी कणसातले दोन दाणे काढून त्यांना नख लावतो आणि सांगतो, अजून चार दिवस थांबा, किंवा आजच या.

पिकाच्या एका तुकड्यात हा टप्पा जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकतो. तोडून ठेवावं तर विकरं झाडावरून तुटल्यावरही थांबत नाहीत. पहाटे तोडलेला मटार संध्याकाळी तितका गोड लागत नाही, तो याचमुळे. साठवावं म्हटलं तर दाण्यात पाणी इतकं असतं की पोत्यात भरला तर दोन दिवसांत तापेल, बुरशी धरेल. म्हणजे झाडावर थांबत नाही, तोडल्यावर थांबत नाही आणि साठवणीतही टिकत नाही, असं हे अन्न आहे. त्यात भर म्हणजे त्याला हात फार लागतात. किलोभर शेंगा सोलल्या तर दाणे निम्म्याहून कमी निघतात. हरभऱ्याच्या एकेका घाट्यात एक किंवा दोन दाणे. एका घराला इतकं सोलणंही होत नाही आणि एकदम इतकं खाणंही होत नाही.

भरपूर आलेलं, लगेच संपवावं लागणारं आणि अनेक हातांशिवाय तयार न होणारं अन्न समोर असलं की माणसं बोलवावीच लागतात. आता ती कशी बोलावली जातात ते पाहू.

आगटीभोवती

सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, बीड, धाराशिव हा रब्बी ज्वारीचा मुलूख. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरणी होते. पुढे पाऊस जवळजवळ नसतोच. खोल काळ्या जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर पीक उभं राहतं. भाकरीसाठी मालदांडीचं नाव मोठं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हुरड्याची वाणं मात्र वेगळी. गुळभेंडी, सुरती, कुचकुची ही जुनी नावं आणि फुले उत्तरा, फुले मधुर, परभणी वसंत ही राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी दिलेली नवी. भाकरीच्या ज्वारीचं तूस दाण्याला घट्ट धरून असतं. हुरड्याच्या वाणात ते सैल असतं, चोळलं की दाणा सुटून हातात येतो.

म्हणून ज्याच्या घरी हुरड्याची हौस असते तो शेतकरी पेरतानाच बांधाकडेच्या काही ओळी गुळभेंडीच्या टाकतो. या ओळी विकायला नसतात. पौषात कोण कोण येईल, पुण्याहून मेहुणे येतील, मुलाचे मित्र येतील, व्याह्यांना बोलवायचं आहे, हा सगळा हिशेब सप्टेंबरात पाभर हाकताना केलेला असतो. पाहुणचाराची तयारी इतकी आधीपासून करणारी दुसरी रीत मला माहीत नाही.

हुरडा भाजतात तो आगटीत. जमिनीत हातभर रुंदीचा उथळ खड्डा घेतात, त्यात गोवऱ्या पेटवतात आणि ज्वाळा विझून लाल निखारा आणि राख उरेपर्यंत वाट पाहतात. इथं घाई केली की हुरडा करपलाच. मग कणसं दांड्याकडून धरून राखेत खुपसायची, अधूनमधून फिरवायची. दाण्यावर तूस असतं, आत पाणी असतं. त्या पाण्याची तुसाच्या आत वाफ होते आणि दाणा बाहेरून भाजला जात असताना आतून वाफवला जातो. भाजलेल्या हुरड्याला मऊपणा आणि धुराचा वास दोन्ही एकत्र मिळतात ते असे. गरमीनं विकरंही निकामी होतात, म्हणजे गोडी आहे तिथंच थांबते.

कणीस बाहेर काढलं की ते गरम असतानाच चोळायचं असतं. गार झालं की दाणा तुसाला चिकटतो. म्हणून आगटीशी एकजण भाजायला बसतो, दोघं-तिघं गोणपाटाच्या तुकड्यावर किंवा नुसत्या तळहातावर चोळतात, कुणीतरी सुपात घेऊन फुंकर मारत तूस उडवतो आणि बाकीचे खातात. हिरवट, किंचित चिकट, वाफाळता दाणा मुठीत येतो. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, गोडीशेव, बोरं, उसाची कांडी. भाजणाऱ्याला खायला मिळत नाही, म्हणून थोड्या वेळानं कुणीतरी उठून म्हणतं, “दाजी, आता तुम्ही बसा खायला, मी भाजतो.” हुरड्याच्या मांडवात पाहुणा आणि यजमान असा भेद फार वेळ टिकत नाही. अर्ध्या तासात सगळ्यांचेच तळहात काळे झालेले असतात.

आता हुरड्याला पैसा मोजणारे शहरी पाहुणेही येतात. महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं आणि अनेक शेतकरी कुटुंबांनी हुरड्याच्या दिवसांत शेतावर जेवणाची सोय सुरू केली. काहींना यात जुनी आपुलकी विकली जात असल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्वारीच्या दाण्याला बाजारात जो भाव मिळतो त्यापेक्षा हुरड्याला जास्त मिळतो आणि कणसं काढून घेतल्यावर उरलेलं हिरवं ताट जनावरांना वैरण म्हणून चालतं. ज्या कुटुंबाला ही मिळकत होते ते गुळभेंडी पेरत राहील. ज्यांचं गावाकडे कुणी उरलेलं नाही, त्यांच्या मुलांना आगटी पाहायला मिळते, हेही थोडं नाही.

शहर शेतावर जातं तो दिवस

हिरवा दाणा वाटून खाण्याची सर्वांत मोठी पंगत बसते ती लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, मार्गशीर्षातल्या अमावास्येला. तिला वेळ अमावास्या म्हणतात, बोलीत येळवस. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीच्या भागातही ती साजरी होते. महाराष्ट्राच्या इतर भागांत अमावास्येला शुभ काम टाळतात. इथं हा वर्षातल्या मोठ्या सणांपैकी एक. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठ बंद असते आणि शहरातले रस्ते सकाळपासून शेतांच्या दिशेनं वाहू लागतात.

आदल्या रात्री घरोघरी बायका झोपत नाहीत. स्वयंपाक मोठा असतो आणि पहाटे शेतावर निघायचं असतं. मुख्य पदार्थ म्हणजे भज्जी. तुरीचे सोले, हरभऱ्याचे सोलाणे, वालाचे दाणे, वाटाणा, ओले शेंगदाणे, त्यात वांगी, गाजर, कांद्याची पात, मेथी, चुका, जे जे त्या आठवड्यात शिवारात आहे ते सगळं एका पातेल्यात शिजतं. त्यावर चिंचेचं पाणी किंवा ताक, आणि घट्टपणासाठी बेसन. भज्जी पळीवाढी होऊ द्यायची नाही, ती दाट हवी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, शिजवून गार करायचं, लसूण, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून घालायची. ही आंबील मातीच्या मडक्यात भरून शेतावर नेतात. ताकातले जिवाणू पिठातली साखर खाऊन आम्ल बनवतात, त्यामुळे ती चवीला आंबट होते आणि पोटाला हलकी पडते. डाळी-दाण्यांच्या जड जेवणावर इतका चांगला उतारा नाही.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारतात, तिच्यात दगडांचे पाच पांडव मांडून पूजा होते. मग भज्जी, आंबील पिकावर शिंपडत बांधाच्या कडेनं फेरी घालतात. पहिला घास जमिनीला देऊन मगच पंगत बसते.

या सणाचं सगळ्यात सुंदर अंग त्याच्या आमंत्रणात आहे. ज्याचं शेत नाही तो त्या दिवशी घरी बसत नाही. शेत असलेले लोक आठवडाभर आधीपासून शेजाऱ्यांना, कचेरीतल्या सहकाऱ्यांना, मुलांच्या मास्तरांना, घर भाड्यानं घेतलेल्या परक्या कुटुंबाला सांगून ठेवतात, “येळवशीला आमच्याकडं यायचं, घरच्या सगळ्यांना घेऊन.” एकेका माणसाला चार-चार ठिकाणची बोलावणी असतात आणि तो एका शेतावर उंडा खाऊन दुसऱ्या शेतावर आंबील प्यायला जातो. बदली होऊन आलेल्या परगावच्या माणसाला लातूर आपलंसं वाटू लागतं ते बहुतेक पहिल्या येळवशीनंतर. दहा-बारा प्रकारचं हिरवं त्या एका आठवड्यात एकाच शिवारात तयार असतं आणि ते संपवायला एक कुटुंब पुरं पडत नाही. लातूरकरांनी या अडचणीचा सण केला.

मडक्यातली वाफ

सह्याद्री उतरून कोकणात आलं की ज्वारी मागे राहते आणि तिची जागा वाल घेतात. रायगड जिल्ह्यात भात कापून झालं की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात आणि अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात पोपट्या लागू लागतात.

पोपटीला लागतं काय? मातीचं मडकं, वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा आणि भांबुर्डीचा पाला. भांबुर्डी हे शेताच्या कडेला आपोआप उगवणारं झुडूप, पानं लवदार आणि उग्र वासाची. एरवी तिच्याकडे कुणी पाहत नाही, पण पोपटीत तिच्यावाचून चालत नाही. मडक्याच्या तळाला पाल्याचा जाड थर देतात, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मधे बटाटे, कांदे, रताळी, अंडी, आणि मांसाहारी घरांत मसाला लावून पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. मग मडकं उपडं ठेवून त्याच्याभोवती पेंढा, वाळकं गवत, काटक्या रचून जाळ करतात.

उपडं ठेवण्यात मोठी अक्कल आहे. शेंगांमधलं आणि पाल्यातलं पाणी तापून वाफ होते. वाफ वर चढते, आणि वर तर मडक्याचा बंद तळ. तिला निसटायला वाट नसते, खाली पाल्याचं दाट बूच. त्यामुळे शेंगा आपल्याच पाण्यात शिजतात, पाल्याचा वास त्यांच्यात मुरतो आणि मीठ वितळून सालीवर बसतं. अर्ध्या तासानं जाणता माणूस मडक्यावर पाण्याचे शिंतोडे उडवतो. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडून गेलं, तर पोपटी झाली. मडकं काठीनं बाजूला घेऊन पाटीवर किंवा केळीच्या पानांवर ओततात आणि सगळे गोल करून बसतात. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात राहतात, साल हातात.

हाच वाल सुकला की त्याचं बिरडं करायला रात्रभर भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात घालून एकेक साल काढा, असा दोन दिवसांचा उद्योग होतो. कोवळेपणी तो अर्ध्या तासात ताटात येतो. म्हणूनच पोपटी ही कामावरून परतलेल्या माणसांची संध्याकाळ आहे. कुणी शेंगा आणतो, कुणी पाला खुडून आणतो, पोरं काटक्या गोळा करतात. मुंबईत नोकरीला असलेले लोक थंडीत शनिवारी रात्री गावी पोचतात ते या मडक्यासाठी.

रायगडच्या उत्तरेला, दक्षिण गुजरातेत वलसाडकडे, हीच कृती उंबाडियुं म्हणून महामार्गाच्या कडेला विकली जाते. शेंग तिथंही तीच. सुरतेला ज्वारीचा हुरडा पोंक होतो आणि शेवेबरोबर खाल्ला जातो. दक्षिणेला बंगळुरात याच वालाच्या भावंडाचा, अवरेकाईचा, थंडीत मेळा भरतो आणि माणसं त्यापासून केलेले दहा पदार्थ उभ्याउभ्या खातात. पिकं तीच, हंगाम तोच, आणि तिन्ही राज्यांत ती खायची रीतही तीच, घोळक्यानं.

भोगीचं पातेलं, संक्रांतीची सुगडं

आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात, म्हणून इंग्रजी तारखेच्या हिशेबानं ते वीस-तीस दिवस मागंपुढं सरकतात. गणपती कधी ऑगस्टात येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. संक्रांत मात्र सूर्यावर बांधलेली. ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते आणि भोगी तिच्या आदल्या दिवशी. पिकंही सूर्याच्या आणि थंडीच्या हिशेबानं वाढतात. म्हणून भोगीला हरभरा घाट्यावर, वाल शेंगेवर, ऊस रसावर आणि बोर पिकण्यावर नसेल असं वर्ष क्वचितच येतं.

भोगीच्या भाजीला सोलापूर-अहिल्यानगरकडे खेंगट म्हणतात. सोलाणे, पावटे, ओले शेंगदाणे, मटार, घेवडा, वांगी, गाजर, बोरं आणि उसाचे करवे हे तिचं साहित्य. पुण्यात गोडा मसाला आणि गूळ, कोल्हापुरात कांदा-लसणाची चटणी, मराठवाड्यात काळा मसाला, पण तिळाचं कूट सगळीकडे. करण्याची एकच किल्ली आहे, ज्याला शिजायला वेळ लागतो ते आधी. फोडणीत तीळ तडतडले की शेंगदाणे, सोलाणे, पावटे घालून झाकण ठेवायचं. ते बोटचेपे झाले की घेवडा आणि गाजर, मग वांगी. बोरं आणि उसाचे करवे अगदी शेवटी. बोर आधी घातलं तर त्याचा गर होऊन जातो आणि वांगं आधी पडलं तर दिसेनासं होतं. वरून कूट, पाण्याचा हबका, मंद आच. बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मुगाची खिचडी. तिळात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. थंडीत कातडी फुटते, भूक लागते, त्या दिवसांत हे जेवण अंगी लागतं.

आता हिशेब करा. आठ भाज्या, प्रत्येक पाव किलोच घेतली, तरी दोन किलो झाली. चौघांच्या घराला दोन किलो भाजी एका दिवसात संपत नाही. भोगीची भाजी थोडी करताच येत नाही. म्हणून पातेलं उतरलं की वाट्या भरल्या जातात. वरच्या मजल्यावरच्या काकूंना, समोरच्या घरी, एकट्या राहणाऱ्या आजोबांना. आणि त्यांच्या घरची भाजी आपल्याकडे येते, वेगळ्या मसाल्याची, वेगळ्या चवीची. वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, ही आपल्या आयांची शिस्त. त्यामुळे एकदा सुरू झालेली देवाणघेवाण थांबायला निमित्तच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सुगडं. मातीच्या या लहान घटांत हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, गव्हाची ओंबी, तिळगूळ भरतात, हळदीकुंकू लावतात आणि सवाष्णींना वाण देतात. शिवारात काय काय आलं आहे त्याची ही मूठमूठभर वानगी असते. गावात सगळ्यांच्या शेतात सगळं पिकत नसे. एकीकडे ऊस असे, दुसरीकडे हरभरा, तिसरीच्या बांधावर बोरी. सुगडं फिरली की ज्या घरी जे नाही ते त्या घरी पोचे. हे वाण रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणजे घरोघरी जायला पुरेसे दिवस मिळतात.

तिळगूळही एकटीनं करावा असा पदार्थ नाही. गुळाचा पाक झाला की नाही हे थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहतात. थेंब मऊ गोळी झाला तर वडी मऊ होईल. ताटलीवर आपटून टणकन वाजला तर लाडू खुसखुशीत होतील. पण पाक वाजला की पुढं दम धरता येत नाही. तीळ, दाण्याचं कूट, खोबरं ढवळून मिश्रण गरम असेतो लाडू वळावे लागतात. तळहाताला तूप किंवा पाणी लावून चार हात भराभरा चालले तरच तळाशी दगड राहत नाही. म्हणून सासू-सून, जावाजावा, शेजारणी, शाळेतून आलेली पोरं असे सगळे त्या पातेल्याभोवती बसलेले असतात.

आपल्या स्वयंपाकघरात

शेत नाही, आगटी नाही, चौथ्या मजल्यावर घर आहे, तर काय करावं? पुष्कळ करता येतं.

डिसेंबरच्या शेवटापासून मंडईत घाटे, पावट्याच्या शेंगा, तुरीच्या शेंगा येतात. सोललेले दाणे न घेता शेंगाच घ्या. सोललेला दाणा हवा लागून सुकतो, शेंगेतला टवटवीत राहतो. शेंग हिरवीगार हवी आणि बोटाखाली दाणा भरलेला लागला पाहिजे. पिवळट पडलेली शेंग म्हणजे आतला दाणा पिठूळ. हरभरा निवडताना बोटं आंबट झाली तर समजा झाड ताजं आहे. त्याच्या पानांवर आणि घाट्यांवर आम्ल असतं, जुने लोक पहाटे कापड फिरवून त्याची आंब गोळा करत.

दोन-तीन किलो एकदम घ्या आणि रविवारी सकाळी माणसांना जेवायला बोलवा, पण जेवायच्या वेळेला नको, दोन तास आधी. मधे वर्तमानपत्र पसरून शेंगांचा ढीग ओता. सोलता सोलता माणसं जितकी मोकळी बोलतात तितकी सोफ्यावर समोरासमोर बसून बोलत नाहीत. हात गुंतलेले असतात, डोळे शेंगांवर असतात, सांगायला अवघड गोष्टही सहज निघते. लहान मुलांनाही बसवा. निम्मे दाणे त्यांच्या पोटात जातील, ते बरंच आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात केळीचं पान अंथरून, त्यावर वालाच्या न सोललेल्या शेंगा, मीठ, ओवा घालून, वरून पान आणि घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास ठेवलं तर घरातही पोपटीच्या जवळ जाणारं काही मिळतं. धुराचा वास येणार नाही, पण वाफेचं काम तेच. विदर्भातल्यासारखा सोलेभात करा, तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून चहाबरोबर ठेवा. दाणे उरले तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, निथळून फ्रीजरमध्ये ठेवा. उकळत्या पाण्यानं विकरं निकामी होतात, त्यामुळे गोडी महिनोन्‌महिने टिकते. परदेशातले मराठी लोक असेच गोठवलेले वाल, तुरीचे दाणे भारतीय दुकानांतून आणून जानेवारीत भोगीची भाजी करतात. बाहेर बर्फ पडत असतो आणि ओळखीची चार घरं एका टेबलाशी जमतात.

आणि शेवटी बियाण्याची गोष्ट, जिच्यावर हे सगळं उभं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बियाणं जमवलं, जपलं आणि बायफ संस्थेच्या साथीनं गावात बियाणं बँक उभी केली. त्या साठ्यात वाल आणि घेवड्याचे अनेक प्रकार आहेत, रंगांनी, आकारांनी, चवींनी वेगळे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी जपायचं तर चांगल्या वेलावरच्या उत्तम शेंगा कोवळ्या असताना खायच्या नाहीत. त्या वेलावरच वाळू द्यायच्या, राखेत घोळून मडक्यात ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी पेरायच्या, शेजारणीनं मागितल्या तर मूठभर द्यायच्या. दिलेलं बी हे त्या वाणाचं संरक्षणच असतं. आपल्याकडचं पीक गेलं तरी दुसऱ्याच्या परसात ते जिवंत राहतं.

मात्र बी नुसतं डब्यात ठेवून वाण टिकत नाही. ते पेरलं जावं लागतं आणि खायला कुणी येणार असेल तरच शेतकरी ते पेरतो. गुळभेंडीच्या त्या चार ओळी, खाचरातले वाल, येळवशीच्या भज्जीतले दहा दाणे या सगळ्यांचं खरं खत-पाणी म्हणजे खाणारी माणसं. म्हणून या थंडीत कुणी शेतावर बोलावलं तर नक्की जा. कोणतं वाण आहे ते विचारा, आवडलं तर तसं सांगा, विकत मिळत असेल तर रास्त भावानं घ्या. कुंडी किंवा परस असेल तर चार बिया मागून आणा. आणि जानेवारीत पातेलं भरून भाजी झाली की वाट्या काढा.